आजीला गप्प बसवून लेकरू शिकेल काय?

गेल्या महिन्यात एका रविवारी विहारातील वंदना आटोपल्यावर समाजातील एक तरुण जोडपे मला भेटले. तो बँकेत, ती रुग्णालयात परिचारिका. मुलगा अडीच वर्षांचा. ‘वकीलसाहेब, जयभीम. पोराच्या नर्सरीसाठी कर्ज काढतो आहे, कागद जरा पाहून द्या,’ असे तो म्हणाला. शाळा ‘मॉन्टेसरी पद्धतीची’ आहे, घरीही तयारी चालू आहे, असे तिने अभिमानाने सांगितले. तयारी म्हणजे इंग्रजी शब्दांचे पत्ते, मोबाईलवरील इंग्रजी बालगीते आणि घरात मराठी बंद. यवतमाळकडच्या खेड्यातून नातवासाठी आलेली आजी मागे उभी होती. ती हळूच म्हणाली, ‘माह्या बोलन्यानं लेकराचं विंग्रजी बिघडते म्हनतात, साहेब. म्हून मी चूप राहते.’

कागद मी पाहून दिले. पण आजीला द्यायचे उत्तर राहून गेले. ते आज इथे देतो आहे.

सुरुवातीलाच सांगतो, त्या आईबापांना मी दोष देत नाही. ज्यांच्या आजोबांना शाळेत वर्गाबाहेर बसवले गेले, त्यांना आपले लेकरू पुन्हा मागे राहील ही भीती वाटणारच. बाजार नेमकी हीच भीती ओळखतो आणि तिची किंमत लावतो. ‘पहिल्या तीन वर्षांत शिकवले नाही तर गाडी चुकली,’ असे सांगून पत्ते, व्हिडिओ आणि वर्ग विकले जातात. मेंदूची वाढ या वयात झपाट्याने होते हे खरे आहे. पण ती कशाने होते, हे विकणारा सांगत नाही.

अमेरिकेत हा बाजार आपल्या आधी भरला होता. तिथे ‘बेबी आइनस्टाइन’ नावाचे तान्ह्या बाळांचे व्हिडिओ घराघरांत गेले. २००७ साली वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी आठ ते सोळा महिन्यांच्या बाळांची पाहणी प्रसिद्ध केली. असे व्हिडिओ जास्त पाहणाऱ्या बाळांना शब्द कमी समजत असल्याचे तीत आढळले. २००९ साली कंपनीला ग्राहकांचे पैसे परत देण्याची योजना जाहीर करावी लागली. ‘युवर बेबी कॅन रीड’ या संचावर २०१२ साली तिथल्या व्यापार आयोगाने दिशाभूल करणाऱ्या दाव्यांबद्दल कारवाई केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्पष्ट सांगितले की, एक वर्षाच्या आतील बाळाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात एक तासाहून जास्त नको.

कारण साधे आहे. बाळ हुंकारते, समोरचे माणूस त्याला उत्तर देते, बाळ पुन्हा हुंकारते. या देवाणघेवाणीतून भाषा येते. पडदा उत्तर देत नाही. आजी देते. मग त्या घरातील सर्वात मोठी शिक्षिका कोण? जिला गप्प बसवले तीच. घरची भाषा पक्की झालेले मूल पुढे इंग्रजीही चांगले शिकते. इंग्रजी आपल्याला हवीच आहे, त्याबद्दल वाद नाही. बाबासाहेबांनी इंग्रजीत जगाला हलवणारे ग्रंथ लिहिले आणि त्याच हातांनी मराठीत ‘मूकनायक’ व ‘बहिष्कृत भारत’ चालवले. मग आजीच्या बोलीची लाज आपल्याला का वाटावी? तिला ‘अशुद्ध’ कोणी ठरवले? ज्यांनी आपली सावली अशुद्ध ठरवली त्यांनीच. ती लाज आपण स्वतः पाळण्यापर्यंत घरात आणली, ही खरी खेदाची गोष्ट आहे.

आता मॉन्टेसरीचे. डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी आपले पहिले बालगृह १९०७ साली रोमच्या सान लोरेंझो या गरीब मजुरांच्या वस्तीत उघडले. आईबाप कामावर गेल्यावर दिवसभर मोकाट फिरणारी मुले तिथे होती. म्हणजे ही पद्धत जन्मली ती झोपडपट्टीसारख्या वस्तीतील लेकरांसाठी. महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीत आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर हेच काम गोरगरीब व आदिवासी मुलांसाठी केले. महागडी साधने त्यांनी बाजूला ठेवली. खडे, बिया, पाने, शिंपले हीच त्यांची साधने. मूल बालवाडीत येऊ शकत नसेल तर बालवाडीनेच त्याच्या अंगणात जावे, या विचारातून ‘अंगणवाडी’ उभी राहिली. आज त्याच पद्धतीचे नाव पाटीवर लावून कर्ज काढायला लावणारी फी घेतली जाते आणि ज्यांच्यासाठी ती जन्मली त्यांच्या वस्तीत अंगणवाडीला धड छप्पर नसते. हा उलटा न्याय आपण मुकाट्याने का पाहतो?

कायद्याचा विद्यार्थी म्हणून आणखी एक गोष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. मूळ संविधानाच्या अनुच्छेद ४५ मध्ये चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत ‘सर्व बालकांना’ मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा निर्देश होता. त्यात खालची वयोमर्यादा नव्हती. २००२ सालच्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाला मूलभूत हक्क दिला, पण सहा वर्षांच्या आतील बालकांना निर्देशक तत्त्वातच ठेवले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ११ मध्येही त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था शासन ‘करू शकेल’ असेच शब्द आहेत. ‘करील’ नव्हे! ज्या वयात पाया घातला जातो, ते वयच हक्काबाहेर राहिले. ही पोकळी बाजाराने भरली.

तरीही हातात काहीच नाही असे नाही. अन्नाच्या अधिकाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी आदेश दिला की, सहा वर्षांखालील किमान चाळीस मुले असलेल्या वस्तीत अंगणवाडी नसेल, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना प्राधान्य द्यावे, असेही त्यात होते. पुढे २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५ ने सहा महिने ते सहा वर्षांच्या प्रत्येक बालकाला अंगणवाडीतून मोफत आहाराचा हक्क दिला. आपल्या किती वस्त्यांनी लेखी मागणी केली? किती विहारांच्या समित्यांनी लहान मुलांची यादी तयार केली?

समाजातील शिकलेल्या नोकरदार वर्गाला माझी विनंती आहे. नर्सरी निवडताना पाटी पाहू नका, आत जा. मुले खेळतात की रांगेत बसून गिरवतात? बाई मुलांशी बोलतात की मुलांवर ओरडतात? तीन वर्षांच्या लेकराची परीक्षा घेणारी शाळा टाळा. घरी रोज तासभर मोबाईल बाजूला ठेवून त्याच्याशी बोला, भीमाची गोष्ट सांगा, धान्य निवडताना त्याला दाणे मोजू द्या. आणि जी मूळ वस्ती सोडून आपण कॉलनीत आलो, तिथल्या अंगणवाडीत महिन्यातून एक दिवस जा. छप्पर गळत असेल तर अर्ज लिहा, पोच घ्या. सेविकेला मानधन वेळेवर मिळत नसेल तर तिच्या बाजूने उभे राहा. आपल्या एका लेकराच्या फीसाठी कर्ज काढता येते, तर वस्तीतल्या चाळीस लेकरांसाठी एक अर्ज लिहिता येणार नाही काय?

‘शिका’ हा बाबासाहेबांचा आदेश एकट्यादुकट्याच्या लेकरासाठी नव्हता. त्यापुढे ‘संघटित व्हा’ आणि ‘संघर्ष करा’ हेही आहे.

आणि आजी, तुम्ही बोला. तुमच्या बोलीतच बोला. नातू ऐकतो आहे.

जयभीम!