खात्यातल्या रुपयाला नंबर नसतो

नोटेवर नंबर असतो. खात्यातल्या रुपयाला तो नसतो, आणि मला यातच सगळी गंमत दिसते.

क्यूआर कोड स्कॅन करून भाजीवाल्या मावशींना ४० रुपये दिले, तर रुपये कुठेच जात नाहीत. आपल्या बँकेच्या नोंदीत ४० कमी होतात, मावशींच्या बँकेच्या नोंदीत ४० वाढतात. तिथे आधीच्या शिलकीत ते असे मिसळतात, की जणू पाण्यात पाणी. आता यातले आपले ४० कोणते? सांगताच येत नाही!

मग लुबाडलेला रुपया ओळखायचा कसा? रुपया बघून तर नाहीच. तो ज्यांच्या खात्यातून गेला ती माणसं कोण, एवढंच विचारता येतं. केवायसीची, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याची, ती कंटाळवाणी वाटणारी विचारपूस याचसाठी असते.

फसवून काढलेली रक्कम एका खात्यात थांबत नाही. काही मिनिटांत तिचे तुकडे होतात आणि ते दुसऱ्या, पाचव्या, दहाव्या खात्यात पोचतात. यातली कित्येक खाती कमिशनच्या आमिषाने दुसऱ्याला वापरायला दिलेली असतात. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार आली, की खात्यामागून खातं असा माग काढत पैसे गोठवायचे असतात. एखाद्या खात्यामागचं नाव खोटं निघालं, की त्या पैशाला जबाबदार माणूसच सापडत नाही. म्हणून मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याने ग्राहकाची ओळख पटवणं बंधनकारक केलं आहे. खातं बंद झाल्यावरही ती कागदपत्रं ५ वर्षं जपावी लागतात. जितकी ओळख पक्की, तितकी मोकळीक जास्त: किमान माहितीवर उघडलेल्या वॉलेटमध्ये १०,००० रुपयांपर्यंतच ठेवता येतात, पूर्ण केवायसीनंतर २ लाखांपर्यंत.

मला सर्वांत नवल वाटतं व्हिडिओ केवायसीचं. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये तिला परवानगी दिली. पलीकडचा अधिकारी आपला चेहरा आणि पॅन कार्ड ताडून पाहतो, आपण भारतातच आहोत ना याची खात्री करतो. त्याच्या प्रश्नांचा क्रम किंवा प्रकार दर वेळी बदलता ठेवायचा, असा नियमच आहे. आधी रेकॉर्ड केलेल्या चेहऱ्याला पुढचा प्रश्न कोणता येणार हे ठाऊक नसतं. समोरचा जिताजागता माणूस मात्र क्षणभर विचार करून उत्तर देतो.