वीस डॉलरचं नाणं आणि आजीच्या पुतळ्या

गेल्या कोजागरीला दूध आटत असताना एका सभासद वहिनींनी रुमालातून एक नाणं काढलं. "तुम्ही डॉक्टर ना? हे खरं का सांगा बरं!" आम्ही औषधाचे नव्हे, रसायनशास्त्राचे डॉक्टर, पण प्रश्न नेमका आमच्याच प्रांतातला निघाला. सासऱ्यांनी मागे ठेवलेलं अमेरिकेचं वीस डॉलरचं सोन्याचं नाणं, साल १९२४.

कॅलिफोर्नियात १८४८ साली सोनं सापडलं आणि दोन वर्षांत ही नाणी चलनात आली. १९३३ मध्ये रूझवेल्टनी लोकांकडचं सोनं सरकारजमा करायला लावलं. दुर्मिळ नाण्यांना सूट होती, पण बाकीची ढिगांनी वितळली. त्या वर्षी पाडलेल्यांपैकी कायदेशीरपणे खासगी हाती असलेलं एकमेव नाणं २०२१ मध्ये न्यूयॉर्कला सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरला गेलं. १९२४ ची मात्र भरपूर उरली आहेत, तेव्हा वहिनींनी लगेच नोकरी सोडू नये!

अल बर्शातल्या आमच्या स्वयंपाकघरात परीक्षा झाली. नाणं भरलं ३३.४ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणला आणि दोऱ्याला बांधलेलं नाणं तळाला टेकू न देता पाण्यात बुडवलं. काटा १.९५ दाखवू लागला. भागाकार केला की घनता १७.१, नव्वद टक्के सोनं, दहा टक्के तांबं यांची तेवढीच येते. पितळ असतं तर साडेआठाच्या आसपास आली असती. वहिनी खूश. पण रसायनशास्त्र धातू सांगतं, नाणं नव्हे. गेल्या शतकात बैरुतकडे पुरेपूर सोनं घालून नकली नाणी पाडली गेली, कारण नाण्याला सोन्याहून जास्त भाव मिळे. तिथे जाणकाराची नजरच हवी.

त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. चिपळूणला आजीची पुतळ्यांची माळ आहे. अकरा पुतळ्या होत्या. २०१९ च्या गणपतीत चार मोडून आम्ही पाटल्या केल्या. सराफाने वजनाचा भाव चोख दिला, तक्रार नाही. पण मोडण्याआधी त्यांच्यावर काय आहे हे आम्ही पाहिलंच नाही.

पुढच्या सुट्टीत उरलेल्या सात भिंगाखाली धरल्या. पुतळी म्हणजे मूळ व्हेनिसचं साडेतीन ग्रॅमचं सोन्याचं नाणं. १२८४ पासून पाडलेलं, व्यापाऱ्यांबरोबर आपल्या किनाऱ्याला लागलेलं. एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख, दुसरीकडे येशू. या माणसांच्या आकृत्यांवरूनच आपण पुतळी म्हणू लागलो. आमच्या पाचांवरची अक्षरं नुसती वेडीवाकडी. अशा नकला आपल्याकडेही होत. दोनांवर 'लुडो मानिन' असं वाचता आलं. लुदोविको मानिन, १७८९ ते १७९७, व्हेनिसचा शेवटचा राज्यप्रमुख! ही दोन तिथलीच की नक्कलकाराने नाव बरोबर उतरवलंय, हे जाणकाराला दाखवायचं आहे. गेलेल्या चारांवर काय होतं, ते आता पाटल्यांना विचारायचं.

माळ चिपळूणलाच राहील. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरचं नाणं केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय भारताबाहेर नेता येत नाही. तेव्हा गावी गेलात की चिंच-रांगोळीने न घासता, कडी न काढता दोन्ही बाजूंचे फोटो तेवढे काढून आणा. भिंग आमच्याकडे आहे.