नव्या डिस्प्लेसोबत काय आलं?

फुटलेल्या डिस्प्लेच्या जागी येते ती नुसती काच नसते. बोट कुठे टेकलं हे सांगणारी वेगळी चिप त्याच्यासोबतच येते आणि फोन तिचं म्हणणं निमूटपणे खरं मानतो. घरच्या माणसाची कसली झडती!

इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये नेमकं इथंच बोट ठेवलं. नेक्सस ६पी या फोनच्या टचस्क्रीनची जोडणी गरम हवेच्या झोतानं मोकळी करून त्यांनी मध्येच स्वतःची चिप घुसवली. खर्च दहा डॉलरहून कमी. मग न टेकलेली बोटं टेकू लागली: अ‍ॅप उतरलं, फोटो निघून ईमेलनं गेला, अनलॉकचा पॅटर्नही टिपला गेला.

याउलट होम बटणाच्या आयफोनमध्ये त्या बटणातला, बोटाचा ठसा वाचणारा सेन्सर त्याच फोनच्या प्रोसेसरशी बांधलेला असतो. पण बाहेरून होम बटण बदललेले फोन अपडेटनंतर ‘एरर ५३’ दाखवत ठप्प झाले, तेव्हा २०१६ मध्ये अ‍ॅपलला माफी मागावी लागली. सेन्सर बंद ठेवणं समजू शकतं; अख्खा फोनच बंद करणं ही दांडगाईच.

एवढी कारागिरी गल्लीतला दुरुस्तीवाला कशाला करेल? पासकोड तर आपणच पावतीवर लिहून देतो. त्याऐवजी सॅमसंगचा मेंटेनन्स मोड किंवा पिक्सेलचा रिपेअर मोड चालू करून फोन द्यावा. तपासणी होते, फोटो-मेसेज मात्र झाकलेले राहतात.