सव्वाचार इंचाचं भोक

आमच्या गावच्या शाळेत पी.टी.च्या तासाला मुलींना गोल्फ शिकवणार, हे कळल्यावर गटाच्या बैठकीत हशा पिकला. खोटं कशाला सांगायचं, आम्हीही हसलो. एक काकू म्हणाल्या, "श्रीमंतांचा खेळ तो. कोल्हापूर आहे हे, कुस्ती शिकवा की!"

मग आम्ही मैदानावर जाऊन बघितलं. गोल्फचे लांबचे फटके मारायला अफाट जागा लागते, साहित्यही महाग. पण शेवटी चेंडू हळूच ढकलून भोकात घालायचा असतो. त्याला पटिंग म्हणतात. चेंडू जमिनीवरूनच घरंगळतो, त्यामुळं शाळेच्या पटांगणात ते जमतं. खरं भोक सव्वाचार इंच रुंद असतं. इथं जमिनीत डबा पुरला होता. सोबत काठ्या आणि रबरी चेंडू.

पाय खांद्याइतके फाकवायचे, नजर चेंडूवर ठेवायची. मनगट न वळवता खांद्यापासून हात पाळण्यासारखे हलवायचे. चेंडू लांब पाठवायचा तर जोर न लावता काठी जरा जास्त मागं न्यायची. अवघड असतो तो उतार ओळखणं. पण उसाला पाणी पाजणाऱ्या घरातल्या पोरींना, पाणी कुठं वळेल हे काय सांगायचं?

खरी गंमत शिस्तीत आहे. दुसरी मारत असताना बोलायचं नाही, हलायचं नाही. तिचा चेंडू जाणार त्या वाटेवर पाय द्यायचा नाही. भोकापासून जी लांब, ती आधी. आपला चेंडू आड येत असेल तर त्याच्या मागं नाणं ठेवून तो उचलायचा. आणि आपले फटके आपणच मोजायचे. मारायला गेलो आणि चेंडूला काठी लागलीच नाही, तरी तो फटका धरायचा.

एका फटक्यानं काय होतं? २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला बंगळूरची अदिती अशोक चौथी आली. कांस्यपदक एका फटक्यानं हुकलं. तिची पिशवी वाहायला सोबत तिची आईच होती.

आमच्या सातवीतल्या एका पोरीनं भोकाजवळ गडबडीत काठी फिरवली, चेंडू जागचा हलला नाही. कुणाचंच लक्ष नव्हतं. सर वहीत तीन लिहायला लागले तर म्हणाली, "चार लिहा सर." पहिला नंबर गेला. कुस्तीवाल्या काकू तिचीच आजी. वाटेत नातीला रागावल्या, पण दुसऱ्या दिवशी अंगण सारवून त्यात वाटी पुरून दिली.

बुधवारी पुन्हा तास आहे आणि डबे कमी पडताहेत. रिकामा डबा असेल तर पाठवा. कडा तेवढ्या ठोकून द्या, पोरींचे हात कापतात.