काठी कुठे वाकते : बासच्या स्पिनिंग रॉडची पाऊणशे वर्षं

अमेरिकेतल्या मासेमारीच्या दुकानात स्पिनिंग रॉडच्या रांगेसमोर उभं राहिलं की प्रत्येक काठीच्या मुठीवर बारीक अक्षरांत छापलेली माहिती दिसते : लांबी, पॉवर, अ‍ॅक्शन, आमिषाचं वजन, दोऱ्याची ताकद. यातल्या पॉवर आणि अ‍ॅक्शनची गल्लत नवखे लोक हमखास करतात. काठी वाकवायला किती जोर लागतो ते पॉवर सांगते आणि ती कुठे वाकते ते अ‍ॅक्शन. ताण आला की एक्स्ट्रा फास्ट काठीचा जेमतेम शेंडा लवतो, फास्टचा वरचा पाव ते तिसरा हिस्सा, मॉडरेट मध्यापर्यंत वाकते आणि स्लो थेट मुठीपर्यंत. बास हा मासा गरवायला निघालेल्या नव्या माणसाला आज बहुतेक दुकानदार ‘मीडियम पॉवर, फास्ट अ‍ॅक्शन’ काढून देतात. सल्ला चांगला आहे. पण तो ज्या वाटेने इथवर आला ती वाट पाहिली की एक गोष्ट स्पष्ट होते : योग्य अ‍ॅक्शन काठीने एकटीने कधीच ठरवली नाही. आधी दोरा बदलला, गळ बदलला, आणि मग काठीला त्यांच्यामागे जावं लागलं.

बासचा मान वाढवणारा पहिला मोठा लेखक म्हणजे डॉ. जेम्स हेन्शल. सिनसिनाटीत वैद्यकी करणाऱ्या या माणसाने 1881 साली फक्त ब्लॅक बासवर एक ग्रंथ लिहिला, तोही ट्राउट आणि सामन यांनाच खानदानी समजण्याच्या काळात. त्याने बाससाठी सुचवलेली काठी सव्वाआठ फुटांची होती. त्या काळच्या लांबलचक, जड काठ्यांच्या मानाने ती आखूड आणि हलकी होती. बासला बासची काठी हवी, ट्राउटची उसनी नको, हा विचार तिथे पहिल्यांदा ठामपणे मांडला गेला. काठीवर बसणारं रीळ मात्र फिरत्या फिरकीचंच होतं. केंटकीतले घड्याळजी ती रिळं इतकी सुबक बनवत की आजही संग्राहक त्यांच्यामागे धावतात.

स्पिनिंगचं तत्त्व वेगळं. त्यात फिरकी स्थिर राहते आणि दोरा तिच्या कडेवरून वेटोळ्यांनी सुटतो. इंग्लंडमधल्या अल्फ्रेड इलिंगवर्थ या कापडगिरणीवाल्याने 1905 मध्ये अशा रिळाचं पेटंट घेतलं. कांडीवरून सूत कसं सुटतं हे गिरणीत रोज पाहणाऱ्यालाच ते सुचावं यात नवल नाही. फिरकी फिरवायची नसल्यामुळे अगदी हलकं आमिषही लांब जाऊ लागलं. पण या रिळाला शोभेल असा दोरा यायला आणखी तीन दशकं लागली. ड्यूपाँटने 1938 मध्ये नायलॉन जाहीर केलं आणि युद्धानंतर त्याचा एकपदरी दोरा बाजारात स्थिरावला. फ्रान्सचं मिचेल रीळ गार्सिया कंपनीमार्फत अमेरिकेत आलं आणि 1950 च्या दशकात मिचेल 300 घरोघर पोचलं.

काठीचं साहित्यही याच सुमारास बदललं. टोलेडोतल्या आर्थर हॉवल्ड या संशोधकाने युद्धकाळात काचतंतू आणि राळ यांची काठी करून पाहिली. शेक्सपिअर कंपनीने 1947 च्या सुमारास त्याच तंत्राची ‘वंडररॉड’ विकायला काढली. उत्तम काठ्यांचा बांबू दक्षिण चीनमधून येई. कोरियन युद्ध पेटल्यावर अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली आणि ती वाट बंद झाली. काच स्वस्त होती, कुजत नव्हती, गाडीत पडून राहिली तरी वाकडी होत नव्हती. कारखान्यातल्या कामगारालाही बरी काठी परवडू लागली. स्पिनिंगच्या प्रसारात याचा वाटा रिळाइतकाच मोठा आहे, असं मला वाटतं.

पण काच जड. ताठ काठी हवी तर काचेच्या भिंती जाड कराव्या लागत आणि मग शेंडाच इतका जड होई की काठी पुढे झुके. म्हणून काचेच्या बहुतेक स्पिनिंग रॉड मध्यापर्यंत किंवा त्याच्याही खाली वाकत. त्यात नायलॉनचा दोरा चांगलाच ताणला जातो. दूरवर बासने आमिष तोंडात घेतलं की हिसक्याचा निम्मा जोर दोऱ्यात जिरे आणि उरलेला काठीत. तीन टोकांच्या गळांची लाकडी आमिषं वापरली तर हे चालून जाई. किंबहुना ते फायद्याचंच ठरे, कारण बास असं आमिष पाणी ओढून आत घेतो. काठी लगेच ताठरली तर आमिष त्याच्या तोंडातून निसटतं, आणि ती क्षणभर सैल राहिली तर गळ आपोआप रुततो. पुढे स्मॉलमाउथ जातीचा बास पाण्याबाहेर उसळून डोकं झटकतो तेव्हा खोलवर वाकणारी काठी ताण सुटू देत नाही. क्रँकबेट या अशाच आमिषासाठी काच आणि काच-कार्बन मिश्रणाच्या काठ्या आजही बनतात, त्या याच कारणाने. त्या जुनाट म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही.

काचेची मर्यादा उघडी पाडली ती रबरी किड्याने. निक क्रीम यांनी ओहायोतल्या अ‍ॅक्रन इथे 1949 मध्ये प्लास्टिकचा मऊ किडा ओतला आणि बासची मासेमारी पालटली. हा किडा तळाशी सावकाश ओढायचा. बासचा स्पर्श इतका हलका असतो की दोऱ्यात फक्त एक टिचकी जाणवते. त्यात गळाचं टोक किड्याच्या अंगात लपवलेलं, म्हणजे ते आधी प्लास्टिकमधून बाहेर पडणार आणि मग माशाच्या जबड्यात शिरणार. इथे मुठीपर्यंत लवणारी काठी हरते. टिचकी कळावी आणि हिसका पोचावा यासाठी शेंडा हलका आणि त्याखालची काठी ताठ, म्हणजेच फास्ट अ‍ॅक्शन, हवी झाली. पण ती काचेत मनासारखी बनेना.

ती बनवली कार्बनने. ब्रिटनमधल्या फार्नबरोच्या विमानसंशोधन संस्थेत 1960 च्या दशकात उच्च ताकदीचे कार्बनतंतू तयार झाले आणि 1973 मध्ये फेनविक कंपनीने ग्रॅफाइटची, म्हणजे कार्बनतंतूंची, पहिली काठी बाजारात आणली. आकडे बोलके आहेत. काचेचं ताठरपण साधारण 1 कोटी पौंड प्रति चौरस इंच, तर नेहमीच्या कार्बनतंतूचं सव्वातीन कोटींच्या पुढे, आणि वजनाला कार्बन काचेहून हलका. सुरुवातीच्या काठ्या महाग होत्या, सहज तुटत. पण तळाचा खडा, शेवाळ आणि माशाची टिचकी यांतला फरक हाताला कळू लागला. ही सोय एकदा हाताला लागली की सोडवत नाही.

तरीही स्पिनिंग रॉडला बासच्या जगात मान मिळायला वेळ लागला. रे स्कॉट यांनी 1967 मध्ये आर्कान्सातल्या बीव्हर लेकवर पहिली मोठी बास स्पर्धा भरवली, दुसऱ्याच वर्षी ‘बी.ए.एस.एस.’ या संघटनेची स्थापना केली आणि 1971 मध्ये लेक मीडवर पहिली बासमास्टर क्लासिक झाली. या स्पर्धांचा गाभा दक्षिणेकडच्या जलाशयांचा होता : गढूळ पाणी, बुडालेली झाडं, जाड दोरा आणि झाडाझुडपांतून मासा खेचून काढणाऱ्या दणकट बेटकास्टिंग, म्हणजे फिरत्या फिरकीच्या रिळाच्या, काठ्या. स्पिनिंग रॉडला ते लोक ‘परीची कांडी’ म्हणत. त्याच काळात टेनेसीतले चार्ली ब्रूअर हलक्या स्पिनिंग काठीवर छोटा किडा संथपणे ओढत भरपूर मासे काढत होते आणि आपलं तंत्र लोकांना शिकवत होते. कॅलिफोर्निया, अ‍ॅरिझोनाच्या नितळ, खोल जलाशयांत तर बारीक दोऱ्याशिवाय मासा तोंड लावेना. जिथे पाणी स्वच्छ आणि मासा शहाणा, तिथे ही कांडी आधी रुजली.

यानंतरच्या 20 वर्षांबद्दल माझं मत जरा कडक आहे. हर्क्युलिस कंपनीने सुमारे 4 कोटी ताठरपणाचा ‘आयएम 6’ तंतू काढला. तो चांगलाच होता. पण काठीवर ‘आयएम’ आणि पुढे आकडा छापण्याची चढाओढ लागली आणि अ‍ॅक्शनकडे गिऱ्हाइकाचं लक्षच राहिलं नाही. काठी कशी बनते ते पाहा : राळेत भिजवलेलं कार्बनचं कापड ठरावीक आकारात कापतात, निमुळत्या पोलादी सळईभोवती गुंडाळतात, वरून घट्ट पट्टी लपेटतात, भट्टीत भाजतात आणि सळई ओढून काढतात. काठी कुठे वाकणार हे ठरतं सळईच्या निमुळतेपणावर आणि कापडाच्या कापावर. तंतूच्या आकड्यावरून काठी किती हलकी बनू शकेल याचा अंदाज येतो, ती कुठे वाकेल याचा नाही. जास्त ताठर तंतूने भिंती पातळ होतात, आणि पातळ भिंतीच्या काठीला नावेच्या कडेवर बसलेला एक टोला पुरतो. आकड्यांमागे धावून लोकांनी पैसे जास्त मोजले आणि हाती आल्या ठिसूळ, वाजवीपेक्षा ताठ काठ्या.

मग 1990 च्या दशकात दोन गोष्टी लागोपाठ आल्या आणि सगळं गणित पुन्हा मांडावं लागलं. पहिली, स्पेक्ट्रा आणि डायनीमा तंतूंचा विणलेला दोरा. तो जवळजवळ ताणलाच जात नाही. नायलॉनच्या काळात दोऱ्याचं ताणणं धक्का गिळत होतं आणि ती गादी आता नाहीशी झाली. काठी एक्स्ट्रा फास्ट, दोरा न ताणणारा आणि पुढे 6 पौंडी फ्लोरोकार्बनचा तुकडा अशी जोडी केली, तर जोरकस हिसक्याने तुकडा तुटतो किंवा बारीक गळाचं भोक रुंदावून मासा निसटतो. म्हणजे ज्या फास्ट अ‍ॅक्शनसाठी एवढी धडपड झाली, तिच्या शेंड्यात थोडी मऊपणाची भर पुन्हा घालावी लागली.

दुसरी गोष्ट जपानमधून आली. तिथल्या तळ्यांवर गरवणारे फार, त्यामुळे मासे सावध, आणि जपानी गरवणाऱ्यांनी हलक्या आमिषांची कला फार पुढे नेली. त्यांचं ड्रॉपशॉट तंत्र दशकाच्या शेवटी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोचलं : वजन तळाशी, त्याच्या वर फूटभर अंतरावर उघडा बारीक गळ आणि त्यावर छोटा किडा. इथे जोरात हिसका द्यायचाच नसतो. दोरा ताणत जायचं, शेंडा लवतो आणि गळ ओठात आपसूक बसतो. पुढे कॅन्ससच्या नेड केहडी यांच्या नावाने ओळखली जाणारी नेड रिग लोकप्रिय झाली, तिचीही मागणी हीच. एकेकाळी हिणवलेली काठी आता व्यावसायिक स्पर्धकांच्या नावेत हटकून असते. समोरचा मासा पडद्यावर हलताना दाखवणारे गार्मिनचे लाइव्हस्कोप सोनार 2018 मध्ये आल्यापासून तर हलकं आमिष दूर आणि नेमकं टाकायला सात फुटांहून थोड्या लांब स्पिनिंग रॉडची मागणी वाढली.

आज काठी निवडताना हा सगळा प्रवास उपयोगी पडतो. मी आधी विचारतो तो गळ कोणता हे. ड्रॉपशॉट, नेड यांसारखा बारीक, उघडा गळ असेल तर मीडियम लाइट पॉवर, फास्ट अ‍ॅक्शन, शेंडा मऊ, लांबी पावणेसात ते सव्वासात फूट. सेन्कोसारखा जड किडा किंवा टोक लपवलेला गळ असेल तर मीडियम पॉवर, फास्ट. आणि छोटी क्रँकबेट किंवा तीन टोकांच्या गळांची तरंगती आमिषं असतील तर मॉडरेट फास्ट, निदान दोरा तरी नायलॉनचा. एकच काठी घ्यायची असेल तर सात फुटी, मीडियम, फास्ट. दुकानदाराचा सल्ला तिथे खराच आहे. विणलेला दोरा वापरणार असाल तर वर सांगितलेल्या अ‍ॅक्शनपेक्षा एक पायरी मऊ घेतलेली बरी, असं माझं ठाम मत आहे.

कड्यांकडेही बघावं. स्पिनिंग रिळावरून दोरा वेटोळ्यांनी सुटतो, म्हणून मुठीजवळची पहिली कडी मोठी लागते आणि पुढच्या झपाट्याने लहान होत जातात. शेंड्यावरच्या कड्या जड असतील तर तीच काठी सुस्त वाटते, हलक्या बसवल्या तर चपळ. अ‍ॅक्शनच्या नावांना सगळ्या कंपन्यांवर बंधनकारक असं प्रमाण नाही. एका कंपनीची फास्ट ही दुसरीची मॉडरेट फास्ट निघू शकते.

मिशिगनमध्ये सेंट क्लेअर तळ्याच्या आसपास किंवा टेक्सासमध्ये लेक फोर्कच्या टप्प्यात राहणारी मराठी मंडळी या छंदाकडे वळत असतील तर त्यांना एवढंच सांगणं आहे. आधी आपल्या राज्याचा मासेमारीचा परवाना काढा. मग आपलं रीळ, त्यावर भरलेला दोरा आणि नेहमीचा गळ बरोबर घेऊन दुकानात जा. रीळ काठीवर चढवा, सोबतच्या माणसाला शेंडा धरून हळू खाली ओढायला सांगा आणि बाक कुठे सुरू होतो ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. छापील नाव आणि डोळ्यांना दिसणारा बाक जुळत नसेल तर ती काठी परत ठेवा आणि दुसरी मागा.