पालेर्मोचा बाजार, बारामतीची ॲपे

सिसिली बेटावर स्कूटर भाड्याने घेऊन निघालेला पाहुणा समुद्रावर जायचं ठरवतो आणि बाजारातच अडकतो. पालेर्मोतल्या बालारो किंवा कापो बाजाराच्या गल्ल्यांत मोटारीचा काही उपयोग नाही. दोन्ही बाजूंना मासळी, लिंबं, वांग्यांचे ढीग, वर विक्रेत्यांच्या आरोळ्या आणि मधूनच वाट काढणारी तीनचाकी ॲपे. ही गाडी पुणेकराच्या चांगली ओळखीची. गुलटेकडीच्या मार्केट यार्डातल्या भुसार बाजारात ती पोती लादून उभी असते.

ही ओळख जुनी आहे. पोंतेदेराच्या पियाज्जो कारखान्याने १९४६ मध्ये व्हेस्पा आणली; तिचा आराखडा कोर्रादिनो दास्कानिओ या विमान अभियंत्याचा. दोन वर्षांनी तिच्यावरूनच ॲपे निघाली. पुढे बजाजने परवाना घेऊन व्हेस्पा इथे बनवली, आणि परवाना संपल्यावर १९७२ मध्ये आकुर्डीहून चेतक आली. नव्या व्हेस्पा २०१२ पासून बारामतीत तयार होऊ लागल्या. ॲपे तर तिथे त्याआधीपासूनच बनत होती. इटलीतलं ॲपेचं उत्पादन २०२४ अखेर थांबलं, बारामतीचं चालू राहिलं.

यंत्र तिकडून इकडे आलं. खाणं त्याच्या कितीतरी आधी इकडून तिकडे गेलं होतं. इसवी सन ८२७ मध्ये अरब फौजा सिसिलीत माझारा इथे उतरल्या. अरबांच्या राजवटीत लिंबू, ऊस आणि आपल्याकडचं वांगं तिथे रुजलं. बेटाची शान म्हणून मिरवणारी कापोनाता म्हणजे तळलेल्या वांग्याची आंबटगोड भाजी. त्यात ऑलिव्ह, सेलरी, व्हिनेगर आणि साखर. भरल्या वांग्यावर वाढलेल्या माणसाला ती पहिल्या घासाला जरा गोडच लागेल.

खरी गंमत पानेल्लेची. हरभऱ्याचं पीठ पाण्यात शिजवायचं, घट्ट झालं की थापायचं, वड्या पाडायच्या, तळायच्या आणि तिळाच्या पावात घालून रस्त्यावरच खायच्या. तळण्याआधीपर्यंतची कृती कुठल्याही मराठी घरात पाटवडी म्हणून खपेल. पाव मध्ये आला की वडापाववाल्यालाही हक्क सांगता येईल! पालेर्मोत हे कष्टकऱ्यांचं खाणं. गुलटेकडीतही बेसन कष्टकऱ्यांच्याच ताटात, झुणका म्हणून येतं. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ सुरू केली, ती ओझी उचलणाऱ्यांना स्वस्तात पोटभर जेवता यावं म्हणून. यार्डाच्या खाद्यसंस्कृतीचा आढावा या ताटाला वगळून घेणं म्हणजे पालेर्मो फक्त काचेच्या हॉटेलातून पाहणं.

मंडईत किरकोळीला घासाघीस करून कंटाळलेली कुटुंबं रविवारी स्कूटरवरून यार्डात येतात. शनिवारी फळ-भाजी विभागाला सुट्टी असल्याने रविवारी आवक दांडगी. आडत्यांच्या गाळ्यांसमोर हमाल डाग उचलत असतात आणि घरगुती गिऱ्हाईक चौघांत एक पाटी वाटून घेतं. स्कूटरच्या पायाशी पालेभाजी, हँडलला कांद्याची पिशवी. मागे बसलेल्याच्या मांडीवर काय येणार ते मोसमावर.

हंगामात तो मान पुरंदरच्या अंजिराचा. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं हे फळ सासवडकडून दिवे घाट उतरून येतं. सिसिलीतही अंजीर घरोघरी; तिथे सुकवून नाताळच्या बुच्चेलात्तो या गोड पदार्थात भरतात. पुरंदरचं अंजीर मात्र ताजंच खायचं, कारण एक-दोन दिवसांत ते मऊ पडतं. म्हणून गिऱ्हाईक बोटाने हलकेच दाबून बघतं, आणि गाळेवाला ‘दाबू नका’ म्हणतो.