स्थापत्य अभियंता: पदवी आणि पारख

पुण्यात 1854 साली सरकारी बांधकामांसाठी हाताखालची माणसे तयार करणारा वर्ग निघाला. त्याचेच पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. विश्वेश्वरय्या येथूनच एल. सी. ई. झाले. 1903 साली खडकवासल्यास त्यांनी बसविलेली दारे पाणी ठराविक पातळीवर चढताच आपोआप उघडत. त्यामागे पदवी होतीच, पण तीनंतरची जवळजवळ वीस वर्षांची नोकरीही होती.

पदवी गणित शिकविते. अपुऱ्या कामावर पाणी अडवू नका, असे वरिष्ठांस सांगण्याचे धैर्य कोठे शिकावे? आम्हां पुणेकरांस हा प्रश्न पुस्तकी वाटत नाही. पानशेतचे मातीचे धरण पहिल्याच पावसाळ्यात भरू लागले, तेव्हा पाणी सोडण्याची व्यवस्था अपुरी होती. 12 जुलै 1961 रोजी ते फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही, आणि मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या.